लाईनीतली खरखर

१९ मे, सोमवार

लाईट गेली ती सकाळीच. वारं असं सुटलं की समोरच्या रसवंतीचा पत्रा उडून आमच्या कंपाउंडात! मग डीपी जळाली — ठो! — आणि सगळं राजूर गप्प. दुपारी लाईट आली, पण अंगावर धावून आल्यासारखी. ट्यूबा पांढऱ्याफटक, पंखे पिसाळलेले, आणि इंटरकॉमच्या डब्यातून जळका वास. तेव्हापासून ऑफिसातले सगळे फोन मुके.

हा डबा म्हणजे आमच्या माती परीक्षण केंद्रातला सगळ्यात जुना कर्मचारी. बाहेरून दोन लाईनी त्याच्यात येतात, आणि तो त्या सगळ्या टेबलांना वाटून देतो. बसवला तेव्हा आलेल्या इंजिनिअरच्या हाताशी स्क्रू धरून मी उभा होतो. त्यामुळे मला त्यातलं कळतं असा ऑफिसात समज आहे. समज मीच पसरवलेला!

संचालक काकासाहेब म्हणाले, "रामप्रसाद, फेकून दे तो डबा. आजकाल प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असतो." खिशात कुठला! माझ्या ड्रॉवरमध्ये असतात सगळ्यांचे. नियम माझाच — कामाच्या वेळेत मोबाईल बंद करून ड्रॉवरमध्ये. प्रयोगशाळेतली मंडळी रील बघत माती चाळायची, आणि याच्या शेताचा रिपोर्ट त्याच्या हातात पडायचा. नियम केला तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं, घरी ऑफिसचा नंबर देऊन ठेवा, काही अर्जंट असलं तर निरोप लगेच पोचेल, माझी गॅरंटी. आता डबा फेकायचा म्हणजे नियमच फेकायचा.

म्हटलं, "दोन दिवस द्या साहेब. चालू करून दाखवतो."

२० मे, मंगळवार

डबा उघडला. आत धुळीची गादी, पालीचं एक वाळकं पिल्लू आणि वायरींचा गुंता. ब्रश मारला, फुंकरी मारल्या. बॅटरी फुगलेली. दोन वायरी काढून परत बसवल्या आणि हिरवा दिवा लागला! मी ओरडलोच.

पण डब्याची स्मरणशक्ती गेलीय. कोणता नंबर कुणाच्या टेबलाचा, सगळं पुसलं गेलंय. द्वारकाबाईंना लावला तर वाजतो काकासाहेबांकडे. काकासाहेबांना लावला तर माझ्याच टेबलावर! प्रयोगशाळा तर लागतच नाही.

द्वारकाबाई फोनच्या टेबलावर बसतात. माझ्या आधीपासून इथे आहेत, आणि तोंडाला लगाम कधीच नव्हता. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही हात लावायच्या आदी निदान मुका तरी होता. आता येडा झालाय!" सगळे हसले. प्रयोगशाळेतला अजमतसुद्धा हसला. हा धावड्याचा. इथे खोली करून राहतो, रविवारी घरी जातो. कामाला चोख, बोलायला कमी.

तो म्हणाला, "सर, जालन्याचा इजहार हाय वळखीचा, हेच काम करतो. बोलावू का?"

मी म्हणालो, "तू तुझी माती चाळ."

जरा जोरातच बोललो. तो गुपचूप चाळणी घेऊन गेला. तसं त्याचं काही चुकलं नव्हतं, पण दोन दिवस मागून घेतल्यावर दुसऱ्या दिवशी जालन्याहून माणूस बोलवायचा म्हणजे काय राहिलं माझं?

२१ मे, बुधवार

आज अर्धी लढाई जिंकली!

आधी शोधायचं होतं की दोष बाहेरच्या लाईनीत आहे की डब्यात. द्वारकाबाई चहा सांगायला बाहेर गेलेल्या. दोन नंबरची लाईन डब्यातून उपटली आणि कपाटातला जुना साधा फोन सरळ त्या वायरीला जोडला. मध्ये डब्याचा संबंधच नको. रिसीव्हर उचलला — टोन! असा स्वच्छ की जीव हरखला. खाली ठेवतो न ठेवतो तोच रिंग! म्हणजे लाईन जिवंत आहे, आणि काशी केलीय ती डब्यानं.

उचलला तर खरखर. पलीकडे कुणी म्हातारा शेतकरी. एक शब्द यायचा, मग नुसती खरखर, मग पुढचा शब्द. 'अजमत' ऐकू आलं, 'भेजो' का 'पाठवा' असं काहीतरी, आणि 'माती'. अजमतची ओळख सांगून नंबर पुढे लावून घ्यायचा, हे तर आता रोजचंच झालंय. पेरणी तोंडावर आली की सगळ्यांना एकदम माती तपासायची आठवण होते. मी म्हटलं, "काका, अर्धा किलो आणा. कापडी पिशवीत. सावलीत वाळवून." तो पुन्हा आपलं 'माती'. म्हटलं, "घाई काय एवढी? माती काय पळून चालली का? सोमवारी आणा, सोमवारी!" आणि ठेवला. एक नंबरची लाईन बघायची होती अजून, खरखर ऐकत कोण बसतो!

दोन्ही लाईनी परत डब्यात जोडल्या. दुपारनंतर स्टोअरमधला फोन वाजायला लागला. थांबायचा, पुन्हा वाजायचा. स्टोअरला कुलूप, किल्ली शिपायाजवळ, शिपाई भोकरदनला गेलेला. द्वारकाबाई म्हणाल्या, "भाऊ, ष्टोरमधी फोन वाजून राह्यलाय केव्हाचा." मी डब्यात डोकं घालूनच म्हणालो, "वाजू द्या. टेस्टिंग चालू आहे." खरं तर तो का वाजतोय ते मलाच कळत नव्हतं. आता लक्षात येतंय, बाहेरचे फोन द्वारकाबाईंच्या ऐवजी तिकडे जात असणार. उद्या सरळ करतो.

सुटताना मोबाईल वाटले. अजमतनं पायऱ्या उतरता उतरता चालू केला, आणि एकदम पळतच सुटला. भोकरदनची गाडी धरायची असेल.

२२ मे, गुरुवार

अजमतचे अब्बा गेले. काल दुपारी.

सकाळी द्वारकाबाईंनीच सांगितलं. छातीचं दुखणं होतं, औषधं चालू होती, पण असं एकाएकी होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, अरेरे. मग त्या म्हणाल्या, "पोरगं पोचायच्या आदीच माती झाली हो, भाऊ."

माती.

डब्याचे स्क्रू काढायचा पेचकस हातातून खाली ठेवला. परत उचलला. काय करावं सुचेना. द्वारकाबाईंना वाटलं मला वाईट वाटतंय. म्हणाल्या, "पाणी आणू का?"

आमच्या भागात माणूस गेलं की मातीला जातात. हिंदूचं असो, मुसलमानाचं असो. 'दोन वाजता माती आहे' म्हटलं की कुणी विचारत नाही कशाची. मी धनगराच्या घरातला, चुलत्यांच्या बोटाला धरून मातीला जायला शिकलो. आणि त्या टेबलावर बसून बसून हा शब्द माझ्यासाठी अर्धा किलो झाला! कापडी पिशवीतला!

घरून कुणीतरी निरोप द्यायला फोन केला होता. अजमतला पाठवा, माती आहे. एवढंच म्हणत होता बिचारा. आणि मी त्याला काय म्हणालो ते कालच्या पानावर आहे. किती मजेत लिहिलंय.

शिवाय दुपारी स्टोअरमध्ये वाजत होता तो. तोही हाच निरोप.

कुणाला काही बोललो नाही.

२३ मे, शुक्रवार

काकासाहेबांच्या गाडीतून सगळे धावड्याला भेटायला गेलो. मी नको म्हणत होतो. पोट बिघडलंय म्हणालो. काकासाहेब म्हणाले, "अरे, तुझ्या हाताखालचा माणूस आहे. तू नाही तर कोण येणार?" गेलो.

अंगणात ताडपत्री बांधलेली, खाली सतरंज्या. बरीच माणसं होती. मी सगळ्यात मागे बसलो. एकच भीती — परवा ज्यानं फोन केला तो इथेच कुठेतरी असणार, आणि माझा आवाज ओळखणार. पाणी नको असं मान हलवूनच सांगितलं. अजमतला भेटलो तेव्हाही तोंडातून शब्द काढला नाही, नुसता हात धरला. त्याला ते फार मोठं दुःख वाटलं असेल. लाज वाटते.

अजमत म्हणाला, "लोकाईची माती रोज चाळतो, सर. अब्बाला मूठभर देता न्हाई आली."

आत बायकांत त्याची आई, ताहेराबी. तिचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "बेटे के हात की मिट्टी नै मिली उनकू. सब दे के गए, बेटा नै." तेच तेच पुन्हा म्हणत होती.

अजमतचा चुलतभाऊ काकासाहेबांना सांगत होता, "हाफिसात किती फोन लावले, साहेब! वाजतो, पन कुनी उचलतच न्हाई. अजमतचा मोबाईल तर बंदच." काकासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, द्वारकाबाईंकडे पाहिलं. आणि द्वारकाबाई उठून आत गेल्या. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "बाई, फोनवर मी असते. वाजून राह्यल्ता, मला ऐकू येत होता. कुलूप फोडायला पाह्यजे होतं मी. माझ्यामुळं झालं हे." आणि रडायला लागल्या.

वाजू द्या असं मी म्हणालो होतो. हे त्यांना माहीत आहे. माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

मी सतरंजीची दशी ओढत बसलो. माझ्या वयाचा माणूस!

२४ मे, शनिवार

दिवसभर कुणाशी मोठ्यानं बोललो नाही. ही विचारते, घसा बसला का? हो म्हणालो.

२६ मे, सोमवार

काकासाहेबांनी द्वारकाबाईंना फोनच्या टेबलावरून उठवलं. पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम दिलं, स्टोअरमध्ये. त्यांनी टेबलावरची तांब्याची लोटी, देवीचा फोटो आणि चष्म्याचं घर पदरात घेतलं आणि गेल्या. त्यांच्या तोंडचा एक टोमणा ऐकायला जीव तरसला. मी फाईल उघडून बसलो होतो. फाईल उलटी होती.

सगळ्यांचे मोबाईल परत दिले. म्हटलं, आजपासून ज्याचा त्यानं ठेवावा. कुणी थँक्यू म्हणालं नाही, आणि का म्हणावं?

आज सोमवार. म्हातारी माणसं कापडी पिशव्या घेऊन येत होती. प्रत्येक पिशवी आली की मी मान वर करून बघायचो. काय बघत होतो कोण जाणे.

२७ मे, मंगळवार

डब्याला हात लावला नाही. अजमत आला की सांगायचं. सगळं सांगायचं. मग काकासाहेब मला स्टोअरमध्ये बसवोत नाहीतर घरी.

२८ मे, बुधवार

आला नाही. सुटल्यासारखं वाटलं. छी!

२९ मे, गुरुवार

अजमत आला. दाढी वाढलेली. आल्या आल्या ट्रेमध्ये माती पसरायला लागला, जसा काही गेलाच नव्हता. मी प्रयोगशाळेचं दार लोटलं आणि सांगून टाकलं. दोन नंबरची लाईन डब्यातून काढली होती, फोन आला, मी घेतला. कुणी म्हातारा माणूस होता. तुझं नाव घेत होता, आणि माती म्हणत होता. मला वाटलं सॅम्पल. सोमवारी आणा म्हणालो. आणि दुपारी स्टोअरमधला वाजत होता तो मीच वाजू दिला, द्वारकाबाईंचा काही दोष नाही.

पळून चालली का असं म्हणालो, ते मात्र नाही सांगितलं. ओठापर्यंत आलं होतं.

मला वाटलं चाळणी फेकून मारेल. त्यानं खुर्ची पुसून दिली मला बसायला. म्हणाला, "ऐकू आलं न्हाई का बराबर?"

"खरखर फार होती रे. एक शब्द कळत होता, एक नाही."

"मंग लाईनच खराब व्हती ना, सर. तुम्ही तरी काय करणार?"

त्यानं स्वतःच्या हातानं मला ते कारण दिलं, आणि मी ते घट्ट धरलं! खरंच की. लाईन खराब होती. लाईट गेल्यापासून सगळंच बिघडलेलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

मग त्यानं विचारलं, "दुपारीच आल्ता ना फोन?"

"नाही, सकाळी. चहा यायच्या आधी. द्वारकाबाई चहाच सांगायला गेल्या होत्या."

त्याचा हात ट्रेवर थांबला. "चहाच्या आदी? बराबर ध्यानात हाय का, सर?"

"हो. का रे?"

काही नाही म्हणाला. पाठ करून माती पसरायला लागला. आता राग आला असणार. यायलाच पाहिजे.

काकासाहेबांनाही जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "उद्या त्या जालन्याच्या माणसाला बोलाव. आणि द्वारकाबाईंना त्यांच्या जागेवर बसव. तू स्वतः जाऊन सांग." गेलो. स्टोअरच्या दारात उभा राहून सांगितलं. द्वारकाबाईंनी चिठ्ठ्या बाजूला केल्या, लोटी उचलली आणि म्हणाल्या, "भाऊ, मला वाटलं तुम्ही त्याच दिशी बोलताल. धावड्यालाच." एवढंच. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

३० मे, शुक्रवार

इजहार आला. गळ्यात इअरफोन, तोंडाची टकळी चालू. आधी म्हणाला, कार्डच उडालं, नवाच घ्या, आपल्या दुकानात आहे. मग बॅटरी बदलली आणि डबा सुरू झाला, तर म्हणतो, "म्हणलं न्हवतं का बॅटरीच हाय!" मला हसू आलं. मग नंबर भरून दिले सगळे. द्वारकाबाईंना लावला, द्वारकाबाईंकडे वाजला. प्रयोगशाळेत लावला, अजमतनं उचलला, "हां सर" म्हणाला.

मी म्हटलं, दोन नंबरच्या लाईनची खरखर बघा जरा. त्यानं ऐकलं. रिसीव्हर मला दिला. स्वच्छ.

"त्या दिवशी फार होती," मी म्हणालो. "डब्यामुळे असेल."

"पन तुम्ही डायरेक लावल्ता ना वायरीला? मंग डब्याचा काय संबंध?"

"मग बाहेरून असेल. वाऱ्यानं."

"टोनमधी व्हती का खरखर?"

टोन स्वच्छ होता. जीव हरखला होता माझा.

तो सामान आवरता आवरता म्हणाला, "मंग लाईनीत नसणार, सर. समोरून असंल. बोलणाऱ्याकडून."

समोरच्याचा मोबाईल खराब असेल. रेंज नसेल. धावड्याला तशीही रेंज कमीच. हेच असणार.

१ जून, रविवार

सुट्टी. जेवण गेलं नाही. ही म्हणाली, आता तर सगळं सांगून झालं ना? हो, झालं.

२ जून, सोमवार

अजमत गावाहून सरळ ऑफिसात आला. पिशवीसुद्धा ठेवली नाही. म्हणाला, "सर, घरी सगळ्याइला इचारलं. सकाळी कुनीच फोन न्हाई केला. चहाच्या टायमाला अब्बा जित्ते व्हते. अम्मी पान्याला गेल्ती, मोबाईल अब्बाच्या उशाला. हाफिसचा नंबर पाठ व्हता त्याईला, मीच पाठ करून घेतल्ता. छातीत कफ दाटल्ता, सर. बोलायचे तर निस्ती खरखर."

रागावला नव्हता. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला, मांडीवर हात ठेवून. "शेवटचं तुमच्याशीच बोलले ते. घरात कुनाशीच न्हाई. आता सांगा, सर. काय काय म्हणले? सगळं सांगा."

आणि मी तर सगळा वेळ स्वतःच बोलत होतो.